पहिल्या पाळीचं पाणी

नाही, फोटो मिळणार नाही. आधी ते पाऊल सरीतून काढा काका, कोबीची रोपं आहेत ती — हं, बांधावर उभे राहा. ऐकलंय मी सगळं. चौकात दगडी खांब बसवणार, त्यावर दादाचा फोटो, खाली सोनेरी अक्षरांत ‘या मातीचा सुपुत्र’. वा! आणि जिवंत होता तेव्हा कोण होता तो? कालव्यावर तुम्हीच म्हणायचात ना — ते बाहेरचे, त्यांना शेवटी सोडा. बोटीतून उतरलो तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर होतो, आता मला मिशी फुटली, तरी तुमच्या पाणी समितीला आम्ही अजून नवेच. शेवटची पाळी म्हणजे काय, माहितीय? तुम्हाला कशी माहीत असणार, तुमचं शेत कालव्याच्या तोंडाशी. वरच्यांचं भिजून झालं की जो गाळ उरतो ना, ती शेवटची पाळी. दादा फावडं घेऊन पाटात बसून राहायचा, आणि पाण्याच्या आधी बेडूक यायचे. हसायचा वर. म्हणायचा, पाहुणे पोचले, यजमान मागून येतायत.

सैन्यात का गेला? देशासाठी? कोणत्या, काका? — सोडला त्या, की ज्यानं कालव्याच्या शेपटाला बसवलं त्या? पाण्यासाठी गेला तो. लढाई पेटली आणि तुम्ही ठराव केलात, ज्या घरचा माणूस आघाडीवर त्या घराला पहिली पाळी. बाबांनी घरी येऊन जेवताना सांगितलं, कुणाकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं. भिंत थोडीच भरती होणार होती! दादानं हात धुतले आणि म्हणाला, जातो. बस. आई ओरडली, मी ओरडलो, बाबा ताटातलं संपवत राहिले. मग पाणी आलं, भरभरून आलं, मी शाळा सोडून पाट फिरवायला लागलो, आणि तो तिकडून फोन करून विचारायचा — कोबीला कीड लागली का रे? मागे तोफांची धडधड ऐकू येतेय, आणि याला कीड! शेवटचा फोन त्याच्या तुकडीतल्या कुणाचा तरी होता. मी पाण्यात उभा होतो. पाटाचं दारं बंद करायचंसुद्धा सुचलं नाही, सगळा वाफा वाहून गेला.

बरं, मेला. पुढे? परवा तुमचा पाटकरी येऊन सांगतो, आता तुमची पाळी परत शेवटी. का? तर घरातलं कुणी आघाडीवर नाही. म्हणजे दादा परत आला म्हणायचं का? कुठंय मग? दाखवा की! बाबा हो हो म्हणत मान हलवत होते. तुम्हा म्हाताऱ्यांचं हे बरं असतं — ठराव तुमचे, माना तुमच्या, आणि छाती आमची.

असं वरखाली काय बघताय माझ्याकडे? हं? वय काय माझं? फोटो खांबासाठी आणि चौकशी माझ्या वयाची? — अच्छा. कळलं. काल रात्री बाबा पुन्हा भिंतीशी बोलत होते, हा तसाही शाळेत जात नाही म्हणून. मला वाटलं, म्हातारा बरळतोय. तुम्ही दोघं आधीच बोललायत तर. मग ऐका, आणि परत जाऊन समितीला सांगा — धाकटा नाही म्हणाला. कोबी करपला तर करपू दे. या खेपेला या घरातून कुणी जाणार नाही. झालं तुमचं काम. निघा. तो रस्ता, आणि फाटक लावून घ्या जाताना.

बाबा, बरं झालं बाहेर आलात. ऐकलंत ना? तुम्हीच सांगा यांना. हा जाणार नाही म्हणा. एवढंच म्हणायचंय, एक वाक्य. —

यांना बसायला खुर्ची कशाला आणलीत? मी सांगितलं ना, ते निघालेत. बाबा. खुर्ची आत न्या. बाबा —