वरच्या मजल्यावरची सभा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान आमचे अभियंतासाहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे ज्यांना आपण समोर फोरमनसाहेब आणि माघारी 'घंटीवाले' म्हणतो ते, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि पाणीपुरवठा विभागातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी फोरमनसाहेबांच्या पंपघरातल्या कामगिरीबद्दल भरभरून सांगितलं. मी बिलं लिहिणारी बाई, मला पंपातलं ओ की ठो कळत नाही. पण आपल्या कामगार संघटनेचे अध्यक्ष म्हणून मी त्यांना याच सभागृहात इतकी वर्षं पाहिलंय. कुणी विषय सोडून बोलू लागला की टेबलावरची घंटी वाजलीच म्हणून समजा. आपला-परका, साहेब-शिपाई, त्या घंटीतून कुणीही सुटला नाही. (हसू नका, हसणारे बहुतेक सगळे मार खाल्लेले आहेत!)

पण ती घंटी एकदा वाजली नाही. त्या सभेबद्दल आज बोलायचंय. तुमच्यातले निम्मे लोक तेव्हा इथे हजर होते आणि आजतागायत बाहेर कुणी त्याबद्दल ब्रसुद्धा काढलेला नाही. ज्याची ही गोष्ट आहे त्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, विचारूनच मी उभी राहिले आहे.

भाऊ दुकानांचे बोर्ड रंगवतो. हात असा, की नुसती अक्षरं बघून माणूस दुकानात शिरावा. पण दारूनं त्याला पार पोखरलं. सकाळी घोट घेतल्याशिवाय ब्रश धरता येईना. भावजय लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, असंच चाललं तर फार दिवस नाहीत." दारू सोडलेली माणसं दर आठवड्याला याच इमारतीत, वरच्या मजल्यावर जमतात, एकमेकांना धरून राहतात, हे मला कळलं होतं. मी हातापाया पडले. तो म्हणायचा, "तिथं सगळे बेवडे. माझं काय काम?" हे म्हणताना त्यानं भिंत धरलेली असायची!

शेवटी मी नाद सोडला. आणि कसं असतं पहा, मी नाद सोडल्यावर तो आपला आपण निघाला.

त्या संध्याकाळी आपली सभा चालू होती. विषय होता गमबुटांचा. आपले भांडारपाल डोळ्यांत पाणी आणून बोलत होते, सगळे माना डोलावत होते, आणि मागचं दार उघडून माझा भाऊ आत आला. वरच्या खोलीला बोर्ड नाही. गावभर बोर्ड रंगवणारा माणूस एका बोर्डावाचून चुकला! त्यानं पाहिलं, एक जण रडतोय, बाकीचे मुकाट ऐकताहेत. त्याला वाटलं, हीच ती सभा. नाहीतर बुटांसाठी एवढं कोण रडतं?

भांडारपाल बसले आणि हा उभा राहिला. म्हणाला, "मी पेंटर आहे. मला दारू सुटत नाही. माझी पोर मला बघून दाराआड लपते."

मी पहिल्या रांगेत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी त्याला थांबवायला उठले. साहेबांनी हात दाखवला. "ताई, खाली बसा. सभासद बोलताहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हा आपला सभासद नाही."

"आज आहे," साहेब म्हणाले.

मंडळी, मला सांगा, एवढं सुचायला माणूस किती मोठा लागतो? भाऊ बोलत राहिला, अडखळला, रडला. साहेबांचा हात घंटीकडे गेला नाही. सगळं बोलून झाल्यावर ते खाली उतरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमची सभा वर आहे. चला, मी येतो. तिथं हेच पुन्हा सांगा." मग आपल्याकडे वळून एवढंच म्हणाले, "इथलं इथेच राहील."

वर आत फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात. भाऊ म्हणाला, "तुम्ही गेलात तर मी पळून जाईन." तेव्हा आपले अध्यक्ष बाहेर पायरीवर बसून राहिले, दार उघडेपर्यंत. खाली तुम्ही खोळंबलात, बुटांचा ठराव पुढे ढकलला गेला, आणि तुमचे पाय आणखी काही दिवस ओले राहिले. त्या ओल्या पायांचे उपकार मी कसे फेडू?

भाऊ सावरला. मध्ये एकदा घसरला, खोटं कशाला सांगू? तेव्हाही साहेब येऊन पायरीवर बसले होते. आता भावजय घरी आहे आणि पोर बापाच्या रंगाच्या डब्यांत हात घालून मार खाते. साहेब, माझं माहेर तुमच्यामुळे उभं आहे. वहिनी, हा माणूस कितीदा उशिरा घरी आला असेल, ते तुम्ही चालवून घेतलंत. तुम्हालाही माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. इतका वेळ ऐकलंत, मनापासून आभारी आहे.

जाताना एकच. आज वरही सभा आहे, म्हणून भाऊ इथे आलेला नाही. त्या खोलीला बोर्ड रंगवून देतो म्हणाला होता, पण तिथल्या मंडळींनी नको म्हटलं. तसल्या बोर्डाखालून आत शिरायची माणसाला लाज वाटते. म्हणून तो स्वतःच जिन्यापाशी उभा राहतो. तुम्ही बाहेर पडलात की विचारेल, "कुठली सभा?" रागावू नका. निरोपाला आलो होतो म्हणून सांगा.

आणि तुमच्यातल्या कुणाला वर जायचं असेल, तर तसं सांगा. तो दारापर्यंत सोबत येतो.