डेअरी छावणीत नेली तेव्हा

दुष्काळाचं रडगाणं राहू दे बे, आमच्या भामाकाकूचं ऐक. काकू आमच्या दूध संस्थेची चेअरमन. त्या साली गावातली सगळी जनावरं चारा छावणीत गेलती, मागोमाग माणसंबी. डेअरी तेवढी गावात राहिली. दूध न्हाई मिळालं तर दुधाचा टँकर बंद होणार, अन् एकदा बंद पडलेला टँकर परत कोण पाठवतो?

काकू म्हणली, "उचला डेअरी!"

आमी काटा, कॅन, पार बोर्डासकट ट्रॅक्टरमधी घालून छावणीत नेलं. टँकर तिकडंच वळवला.

मग तालुक्याचे साहेब आले अन् लई तापले. "कुणाला विचारून हलवलं? डेअरी गावातच पाहिजे!"

काकू धार काढत होती. मान वर न करता म्हणली, "गावातच हाय की, साहेब. तिकडं नुसत्या भिंती राहिल्यात."