लेन कोरडी आहे म्हणे

“हॅलो? … हो, दुकानातच आहे. बोल ना दादा.”

रविवारी संध्याकाळी पाच वाजता फोन आला. बॉलिंगच्या बॉलना खेळणाऱ्याच्या हाताच्या मापानं भोकं पाडून देण्याचं तिचं छोटंसं दुकान, आणि दुकानात ती एकटीच. फोन मोठ्या भावाचा होता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बॉलिंग हॉलमधून. तिथल्या लेनवर, म्हणजे बॉल पिनांपर्यंत घरंगळत जातो त्या लाकडी पट्टीवर, सामन्याआधी तेलाचा थर देतात. सातला त्याच्या संघाचा अंतिम सामना होता, आणि संघात शेवटचा बॉल टाकणारा तो.

“लेन कोरडी? … पुन्हा? … नाही, ऐकतेय मी. मशीन बंद करते, थांब. हां, बोल आता. … बॉल अर्ध्यातच वळतो? … आणि पिनांपर्यंत जाईस्तोवर त्याच्यात जीव उरत नाही. बरं. … तो लाल बॉल ना? अरे, तो वरून खरखरीत. लेनवर तेल असेल तर त्याची मजा. कोरड्यावर लगेच पकडणार आणि वळणार. हे तूच शिकवलंयस मला.”

फोन खांद्याशी दाबून तिनं फळीवरून एक बॉल खाली घेतला.

“चकचकीत हवा तुला. साधा प्लास्टिकचा, काचेसारखा गुळगुळीत. तो निमूट सरळ जातो. … आहे ना. पिवळा आहे. … रंगाचं काय घेऊन बसलास, लग्नात मिरवायचाय का? … हो, हो, सातच्या आत पोचवते. … दादा, ऐक ना. पण लेन कोरडी कशी असेल? … अरे, तेल दुपारीच घातलंय. … कारण हॉलचा मेकॅनिक इथं येऊन गेला, पिना उभ्या करायच्या मशीनचा पट्टा न्यायला. तोच म्हणाला, फायनल आहे म्हणून आज भरपूर तेल दिलंय. … तो कशाला खोटं बोलेल? … मी त्याची बाजू घेत नाहीये.”

ती काउंटरच्या आतून बाहेर आली, दारापर्यंत गेली, परत फिरली.

“बाकीच्यांचेही वळतायत का? … बघितलं नाहीस? शेजारी उभा राहून? … बरं, वहिनी आहे ना तिथं? तिला सांग, एक टाक म्हणावं. तुझ्याच लेनवर. … तिचाही खरखरीतच आहे, मीच तर भोकं पाडलीत. … सराव चालू आहे ना अजून? मग कोण ओरडतंय? … टाकू दे. मी धरते फोन.”

फोनमधून बॉल गडगडत गेल्याचा आवाज आला, मग पिना पडल्याचा.

“दादा? … काय झालं? … कुठवर सरळ गेला? … शेवटपर्यंत. हं.”

तिनं पिवळा बॉल काउंटरवर ठेवला. लेन कोरडी असली की बॉल लवकर वळतो. पण टाकणाऱ्याचा जोर कमी झाला, तरीही तो तसाच लवकर वळतो, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. हेसुद्धा तिला दादानंच शिकवलं होतं. आता तेच त्याला सांगायला तिची जीभ उचलत नव्हती.

“नशीब कसलं त्यात? … वर स्क्रीनवर वेग दाखवतात ना, तुझा किती येतोय? … स्क्रीन बिघडलाय. बरं. वहिनीचा दाखवला का त्यानं? … दाखवला. म्हणजे फक्त तुझ्यापुरता बिघडलाय. … चिडू नकोस. मला बॉल द्यायचाय तुला, म्हणून विचारतेय. … बरं, दुसरं सांग. अंगठ्याचं भोक सैल झालं म्हणून या महिन्यात दोनदा आलास. दोनदा मी आतून पट्टी लावून दिली. … बॉल वापरून कसा सैल होईल, तो काय चप्पल आहे?”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती ऐकत राहिली आणि एका फडक्यानं स्वच्छ काउंटर पुन्हा पुसत राहिली.

“हो … हो … पण आज रविवार ना? स्वतःचं सलून टाकून दुपारपासून तिथं कसा तू? … गिऱ्हाईक नव्हतं? रविवारी? तुझ्याकडं? … अरे, रविवारी तुझ्या बाकावर जागा मिळत नाही म्हणून आपले बाबा उभ्याउभ्या पेपर वाचतात आणि दाढी न करता घरी येतात. … मग दाढ्या कोण करतंय? … पार्टनर. … आणि कात्री? … तीही त्याच्याकडेच. केव्हापासून?”

ती स्टुलावर बसली. लगेच उठली.

“वहिनीला माहीत आहे? … नाही सांगणार. नाही म्हटलं ना. … पन्नाशीत कुठलं आलंय वय? … मुंग्या येणं वेगळं, हातातून वस्तू पडणं वेगळं. … काय काय पडलं? … कप. … अजून? … वस्तरा? कुणाच्या … बरं, लागलं नाही ना कुणाला. … अरे, ऐकून तर घे. आज तू नाही टाकलंस तर कुणी मरत नाही. … राखीव खेळाडू कशाला घेतलाय मग, पाणी वाटायला? … पिवळ्या बॉलनं काम होईल रे. सरळ जाईल, आज झाकलं जाईल. उद्या सलूनमध्ये कुठला पिवळा बॉल देऊ तुला? … हॅलो? … आहेस ना?”

तो होता.

“पाठवते म्हटलं ना. पण भोकं पाडायला माप लागेल. … जुनं नाही चालणार. … कारण हात बदललाय, दादा. … बरं, फोनवरच बघू. अंगठा करंगळीच्या टोकाला लाव. … लागला? सहज? … असं का बोलतोयस मग, दात आवळून? … फोन कुठल्या हातात आहे? … डाव्या. उजव्यात घे. … घे तर. एवढं कर, मी जुनंच माप धरते, बॉल पाठवते, एक शब्द बोलणार नाही. … तुझी शपथ. … हां, सावकाश. … घेतलास? … दादा?”

फरशीवर काहीतरी आपटलं. मागं कुठल्यातरी लेनवर पिना पडत होत्या, कुणी टाळ्या वाजवत होतं.

“हॅलो? … दादा, फोन उचल. … डाव्या हातानं उचल, चालेल. … वहिनी? वहिनी, ऐकू येतंय का? अगं …”

लांबून वहिनीचा आवाज आला. ‘अहो’, एवढाच. मग फोन कट झाला.

तिनं परत लावला तेव्हा तो बंद होता.