ताईच्या कपातलं पाणी

ताई : खिशातला पुडा बाहेर काढ, टिल्लू.

टिल्लू : कसला पुडा?

ताई : बिस्किटांचा. मघापासून मांजरासारखा पाठ फिरवून खातोयस. डायलिसिसच्या मशीनला माझा हात जखडलाय, कान नाहीत.

टिल्लू : तुझ्यासमोर खायला बरं नाही वाटत गं.

ताई : आणि वजनकाट्यावरही पाठमोराच उभा राहणार का? तासाभरात सर्जनबाई बोलावतील तुला. किती उतरलं? खरं सांग.

टिल्लू : उतरलं असं नाही म्हणता येणार.

ताई : मग कसं म्हणता येईल?

टिल्लू : पट्ट्याची भोकं संपली.

ताई : टिल्ल्या!

सिस्टर : ताई, हळू. बीपी चढलं की मशीन बोंबलेल आणि मला पळत यावं लागेल. काय झालं बहीणभावाचं?

ताई : तुम्हीच सांगा याला, सिस्टर. हा मला किडनी देणार. रक्त जुळलं, तपासण्या झाल्या, सगळं ठीक. फक्त याचं पोट आडवं आलंय. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं सर्जनबाईंनी निक्षून सांगितलंय. लहानपणी काडी होता काडी, म्हणून टिल्लू नाव पडलं.

सिस्टर : त्या मनुकांच्या वर्गाला पाठवलं होतं ना यांना? लक्ष देऊन खायला शिकवतात तिथे?

टिल्लू : गेलो होतो की. सगळ्यांना गोल बसवलं. मधे वाट्या. त्या म्हणाल्या, एक मनुका घ्या, डोळे मिटा, तिचा वास घ्या, घाई करू नका.

सिस्टर : मग?

टिल्लू : त्यांचं बोलून होईपर्यंत माझी वाटी संपली होती.

सिस्टर : धन्य आहे! बरं, पलीकडच्या काकांचं मशीन वाजतंय, मी आलेच. ताई, तुमचं पाणी इथे ठेवलंय. संध्याकाळपर्यंत एवढंच हं.

ताई : हसण्यावारी नेऊ नकोस, टिल्लू. घरी तर पथ्याचं जेवतोस म्हणे. तुझी बायको सांगत होती.

टिल्लू : घरी जेवतो. खातो ते गाडीत. ड्रायव्हिंग शिकवणं म्हणजे काय चीज आहे, तुला नाही कळायचं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आणि मी शेजारी, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर देवाचं नाव घेत. परवा एक आजोबा गाडी थेट ट्रकखाली घालायला निघाले होते. मी ब्रेक दाबला म्हणून वाचलो. ते उतरले हसत. पुढचा शिकाऊ येईपर्यंत मी अख्खा पुडा फस्त केला. भूकबीक काही नव्हती. जबडा चालू असला की डोकं जरा गप्प बसतं, एवढंच.

ताई : हं. पाणी दे माझं. घसा सुकला.

टिल्लू : हे घे. अगं, रिकामा आहे कप. सिस्टर भरायला विसरल्या वाटतं.

ताई : सिस्टर नाही विसरल्या. मिशी पूस आधी.

टिल्लू : मी प्यायलो? कधी?

ताई : आजोबा ट्रकखाली शिरत होते तेव्हा.

टिल्लू : ताई, तुझं पाणी! संध्याकाळपर्यंतचं! मी माणूस आहे की कोण?

ताई : अरे, नळाला पाणी आहे. माझ्या पोटात गेलं नाही म्हणजे माझा वाटा शाबूत आहे. जा, भरून आण. तोंड काय पाडतोस?

टिल्लू : आणतो. पण मला कळलंच नाही गं. कप कधी उचलला, तोंडाला कधी लावला, काही म्हणजे काही नाही. हे घे.

ताई : मला नको इतक्यात. तू घे एक घोट.

टिल्लू : अजिबात नाही!

ताई : मोठी आहे मी तुझ्याहून. घे म्हणते ना. गिळू नकोस, जिभेवर राहू दे. मोजून पाणी मिळायला लागलं तेव्हा मी वेडी व्हायची वेळ आली होती. माझ्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकाचे केस धुताना त्या पाण्याकडे बघत बसायचे. मग हळूहळू कळलं, घशाची तहान वेगळी आणि डोक्यातली वेगळी. घशाची एका घोटात भागते. डोक्यातली मात्र अख्खी घागर रिकामी केली तरी भागायची नाही, कारण ती पाण्याची नसतेच. ती या सुयांची असते, कंटाळ्याची असते. ती आली की मी तिच्याशी भांडत नाही. म्हणते, आलीस? बस. थोडा वेळ बसते आणि जाते. हं, गिळ आता. कसं लागलं?

टिल्लू : पाण्याकडे लक्षच नव्हतं.

ताई : मग कशाकडे?

टिल्लू : ताई, एक सांगितलं तर रागावशील.

ताई : रागावेन. सांग.

टिल्लू : वजन उतरलं की ऑपरेशनची तारीख पडेल.

ताई : मग?

टिल्लू : मला भीती वाटते. भुलीतून उठलोच नाही तर? पोरगी एवढीशी आहे माझी. आणि तू इथे या खुर्चीत. तुला कुठल्या तोंडाने सांगू? रोज ठरवतो, आज सांगायचं, आणि तोंडात बिस्किट कोंबतो.

ताई : वेड्या. किती दिवस गिळत होतास हे?

टिल्लू : पहिल्या दिवसापासून.

ताई : मग नाही म्हण. मनापासून सांगते. सर्जनबाई घरात कुणाला तुझं कारण सांगणार नाहीत. दुसरीकडून मिळेपर्यंत मी हे मशीन रेटेन. किडनीवाचून तू माझा भाऊ नाहीस असं थोडंच होणार आहे?

टिल्लू : पण मला नाही म्हणायचंच नाहीये! द्यायची आहे मला. भीतीही वाटते आणि द्यायचीही आहे. आता बोल.

ताई : मग दोन्ही घेऊन जा आत. सर्जनबाईंना दोन्ही सांग. बिस्किटंही सांग. आणि पुडा फोडायच्या आधी जरा थांबून बघत जा, आत भूक आहे की दुसरंच कोणी येऊन बसलंय. खाऊ नको असं म्हणत नाही मी. नुसतं बघ.

(काही महिन्यांनंतर. तीच खोली, तीच खुर्ची.)

सिस्टर : अगंबाई, ओळखलंच नाही! शर्ट कुणाचा घालून आलात?

टिल्लू : माझाच आहे. आतला माणूस कमी झालाय.

ताई : काय म्हणाल्या सर्जनबाई?

टिल्लू : सांगतो. मधे वजन वाढलं होतं ना, तेव्हा मी हाय खाल्ली होती. पण बघत राहिलो. ते आजोबा आठवतात? काल पुन्हा तोच प्रकार, या वेळी भिंत. ते उतरले आणि पुडा माझ्या हातात. बघतो तर पाय अजून ब्रेकवरच दाबलेला. भूक नव्हतीच. गाडीतून उतरून उभा राहिलो, श्वास जागेवर येऊ दिला.

सिस्टर : आणि बिस्किटं?

टिल्लू : दोन खाल्ली नंतर. पण खोटं नाही सांगत, पहिल्यांदा कळलं, त्यात वेलदोडा असतो.

ताई : वेलदोडा राहू दे रे! काट्याचं सांग.

टिल्लू : जमलं, ताई. पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

सिस्टर : देव पावला! थांबा, मी डॉक्टरांना सांगून येते.

ताई : टिल्लू? उठलास कुठे?

टिल्लू : कँटीनमध्ये जाऊन येतो जरा.

ताई : भूक लागली?

टिल्लू : हो. म्हणजे, थांब. बघू दे. नाही गं, भीतीच आहे.

ताई : मग बस इथे. मलाही वाटतेय.