गार्डची आई

शाळेच्या मैदानावर, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात हॉट डॉगच्या रांगेत माझ्यामागे एक जोडपं भांडत होतं.

"आपला कोल्बी चेंडू घेऊन पळणार कधी?"

"कधीच नाही! तो गार्ड आहे, लोरीन. चेंडू फेकणारं पोर मागे असतं ना, त्याच्यावर कुणी येऊन आदळू नये म्हणून समोरच्यांना अडवायचं."

"मग झेलायचा तरी!"

"नियमात बसत नाही."

"चार वर्षं चिखलाचे कपडे धुतेय मी, आणि चेंडूला हातसुद्धा नाही? मार आपल्याने खायचा आणि पेपरात फोटो त्याचा?"

"अगं, तो क्वार्टरबॅक आहे, सगळा खेळ त्या फेकणाऱ्याच्या हातात!"

"असेना का! त्याच्या आईला तरी ठाऊक आहे का हे?"

मी वळले.

"त्याची आई मीच. आत्ता कळलं. या, तुम्ही पुढे व्हा."