पडद्यामागचं भूत

धाड गावी मोटारीची वाट पाहत बसलेल्या इंद्रभान मास्तरांच्या पाठीमागे एक म्हातारं जोडपं काल तंबूत पाहिलेल्या विलायती भुताच्या मुक्या सिनेमावर हुज्जत घालत होतं.

"भूत झकास होतं, पण डाव्या हातानं जेवत होतं."

"उजव्या. तू बायांत, पडद्यामांगं बसली होती. तिकडून सारं उलटं दिसते."

"अव माय! मंग मी त्या गोऱ्या बाईले 'डावीकडं पाह्य' म्हणून वरडली, म्हणूनच मेली बिचारी!"

"तुहा आवाज ऐकला मी."

"मी बी तुमचा ऐकला. भूत निंघाल्याबरोबर 'कौशल्ये!' म्हणून वरडले. चाळीस वर्षांत नाव नव्हतं घेतलं माह्यं."

"मोटार आली वाटते."

मास्तरांनी पाहिलं. रस्ता रिकामाच होता.

"नाही आली. अजून एकबार नाव घ्या."