मधोमध बसलेला अणू

—नाही रे एइनार, जाऊ नकोस, बस ना. कॉफी अजून व्हायचीय. आणि हा केक? आज आणायची तुझी पाळी नव्हतीच की — हो, कळलं, सकाळी तुझ्या हिऱ्यात यंत्रानं अणू मारून झाले म्हणून. वेलदोडा घातलायस, छान. हा हिरा उजळला की वसंत ऋतूनंतरही तुझी नोकरी राहणार, खाली प्रयोगशाळेत सगळे तेच बोलतायत. आणि इल्वाला कोणी बोलतं करू नका, असंही बोलतात ना माझ्याबद्दल? मग आज ऐकच. तुम्ही तिकडची, उत्तरेतल्या उमेओची माणसं तशीही ‘हो’ म्हणायला तोंड उघडत नाही, नुसता श्वास आत ओढता.

कुठून सुरू करू? हिऱ्यात कार्बनची एक जागा रिकामी करायची, शेजारी परका अणू बसवायचा, आणि त्या दोषानेच क्वांटम यंत्रासाठी माहिती धरून ठेवायची, नेमका प्रकाश द्यायचा — तुलाच काय सांगतेय मी! पण असे दोष हजारो, म्हणून आधी आम्ही कॉम्प्युटरवर हिरा मांडतो, एकेक अणू बसवून बघतो. तुला सुचवलेला अणू मधोमध बसला. अगदी मधोमध. सगळीकडून सारखी ओढ, म्हणून हलेचना. आम्ही खूश. पण टेकडीच्या टोकावर नीट ठेवलेला चेंडूही हलत नाही ना? म्हणून आधी सगळ्या अणूंना जरासा धक्का द्यायचा, मग गणित सोडायचं. नव्या मुलांना हे मीच शिकवते. आणि मी दिला? नाही दिला. धक्का न देता गणित लवकर सुटतं, आणि मोठ्या कॉम्प्युटरपुढे ही रांग —

मग दिला. हे बघ, पडद्यावर. अणू घसरला बाजूला आणि प्रकाश गेला. गेलाच. आता दुसऱ्या पद्धतीनं करून बघतेय, पण काल संध्याकाळी आलं तेच पुन्हा —

काल. हो, कालच म्हणाले मी.

थांब, ऐकून तर घे — मी लगेच सिग्वार्डला फोन केला. म्हटलं, एइनारला थांबवू या, त्याच्याकडचा शेवटचा स्वच्छ हिरा आहे तो. तर आवाजही न चढवता म्हणाला, “इल्वा, यंत्राची वेळ परत मिळायची नाही. गणितं चुकतातही. मारू दे त्याला.” प्रोफेसर तो, मी काय करणार होते? तुला लावायला फोन हातात घेतला होता, खरंच — मग वाटलं, रात्रीतून माझंच गणित खोटं ठरेल. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं तसं. नाही ठरलं.

मारलेले अणू परत काढता येत नाहीत ना? तापवून वगैरे? नाहीच. माहितीये मला, उगीच विचारलं.

शिवी तरी दे रे एक. असा हात पुसत काय उभा राहतोस — कुठे, सिग्वार्डकडे? नाहीये तो. स्टॉकहोमला गेलाय, तुझ्या हिऱ्यावर भाषण द्यायला. माझाच आलेख घेऊन गेलाय. जुना, धक्क्याआधीचा.

जा. दार लोटून घे.